वाचून दाखवणारं कोण?

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या घरात लेकराला दिसत नाही हे नक्की झालं, की वडीलधारी माणसं पहिला प्रश्न विचारतात तो असा : ‘‘आता याचं कसं होईन?’’ प्रश्न पोटाचा असतो. आईबाप आहेत तोवर भाकरी मिळेल, पुढे काय? मग अकोल्याचा डॉक्टर होतो, नागपूरचा होतो, कुणी सांगितलं म्हणून नवसही बोलला जातो. आणि शेवटी गावातलंच कुणी जाणतं माणूस तोडगा काढतं : ‘‘पोराले पेटी शिकवा. भजनात बसंन, चार पैसे भेटतीन.’’

बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याने आयुष्यात जी अंध माणसं पाहिली, ती भजनी मंडळात पाहिली, नाही तर रेल्वे फलाटावर. दृष्टिहीन माणूस कचेरीत टेबलामागे बसून फाइल निकाली काढतो, बँकेत खातेदारांची कामं करतो, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, हे त्याच्या पाहण्यात आलेलं नसतं. जे पाहण्यात नाही ते सुचतही नाही. त्यामुळे पोराचं भवितव्य पहिल्या वर्षी, ओसरीवरच्या त्या बैठकीत ठरून जातं.

ते तसं ठरू नये, म्हणून हा लेख.

२०२४ साली एक बातमी साऱ्या वऱ्हाडाने वाचली. माला शंकरबाबा पापळकर ही दृष्टिहीन मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. २०२५ मध्ये ती नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात रुजूही झाली. तान्ही असताना ती जळगावच्या रेल्वे स्टेशनवर कचराकुंडीत सापडली होती. आईबापांचा पत्ता लागला नाही. तिला अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या बालगृहात आणलं गेलं आणि तिथे शंकरबाबा पापळकरांनी तिला स्वतःचं नाव दिलं.

शंकरबाबांबद्दल थोडं सांगायलाच हवं. गाडगेबाबांचा वारसा मानणारा हा माणूस. परटाचं काम केलेला, पुढे ‘देवकीनंदन गोपाला’ नावाचं नियतकालिक चालवलेला. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला त्यांनी बेवारस दिव्यांग मुलांसाठी बालगृह उभं केलं. बालगृहातल्या मुलांना अठरा वर्षं पूर्ण झाली की बाहेर पडावं लागतं, असा कायद्याचा शिरस्ता. शंकरबाबा विचारत राहिले, की ज्याला आईबाप नाहीत, ज्याला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी जायचं कुठे? कायदा बदला म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि तोवर मुलं स्वतःजवळ ठेवून घेतली. त्यांची लग्नं लावली, त्यांना हाताला काम दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी मालाचा निकाल लागला.

बातम्यांचा सगळा भर सुरुवातीच्या कचराकुंडीवर आणि शेवटच्या कचेरीवर होता. मला मधली वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या वर्षांत मालाला कुणीतरी ब्रेल शिकवलं. अमरावतीत राहून तिने पदवी घेतली, तेव्हा कुणीतरी तिच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं तिला कुणीतरी समजावून सांगितली. परीक्षेच्या दिवशी तिच्या शेजारी बसून कुणीतरी प्रश्न वाचले आणि तिने सांगितलेली उत्तरं नोंदवली. यातला एक जरी माणूस त्या दिवशी आला नसता, तरी मालाची हुशारी होती तितकीच राहिली असती आणि नोकरी मात्र मिळाली नसती. दृष्टिहीन माणसाच्या यशाची गोष्ट आपण त्याच्या जिद्दीची म्हणून सांगतो. जिद्द लागतेच, ती डोळस माणसालाही लागते. पण दृष्टिहीनाची वाट जिथे तुटते ती जागा बहुतेक वेळा एकच असते : समोर कागद आहे आणि तो वाचून दाखवणारं कुणी नाही.

*

वऱ्हाडाला हे नवं नाही. लोणी टाकळीला १८८१ साली एका कुणबी शेतकऱ्याच्या घरी गुलाब गोंदुजी मोहोड जन्मला. नऊ महिन्यांचा असताना त्याची दृष्टी गेली. हेच पुढे माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. १९१५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते पुण्यात वारले, तोवर त्यांच्या नावावर शंभराहून अधिक ग्रंथ जमा होते. वेदान्त, भक्ती, संगीत, आयुर्वेद, पाश्चात्त्य विचारवंतांचा परामर्श, अशी त्यांची झेप होती. भाविक याला ईश्वरी कृपा म्हणतात आणि त्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण त्या कृपेच्या जोडीला एक रोजची, कष्टाची व्यवस्था होती. महाराजांना लोक ग्रंथ वाचून दाखवत आणि महाराज सांगत ते लोक लिहून घेत. लहानपणी शाळकरी पोरांना गाठून ते धडे म्हणायला लावत, असं सांगतात. पुढे वाचणारे शिष्य झाले, लिहून घेणारे शिष्य झाले. महाराजांनी तर स्वतःची ‘नावंग’ नावाची भाषा रचली आणि लवकर लिहून व्हावं म्हणून लघुलिपीचाही विचार केला. तोंडातून शब्द वेगाने निघतात आणि लिहिणाऱ्याचा हात मागे पडतो ही अडचण ज्याने भोगली, त्यालाच लघुलिपी सुचणार.

गुलाबराव महाराजांच्या भोवती भक्त होते, म्हणून वाचक-लेखनिक मिळाले. मालाच्या पाठीशी शंकरबाबा होते. रिसोड तालुक्यातल्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला कोण आहे?

*

आता वाशिमचं बोलू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या आत-बाहेर. सोयाबीन आणि तुरीवर घर चालतं. २०१८ साली केंद्राने देशभरातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते, त्यांपैकी एक वाशिम. शिक्षण, आरोग्य, उत्पन्न यांत मागे राहिलेला जिल्हा, असा त्याचा सरळ अर्थ.

अशा जिल्ह्यात दृष्टिहीन मुलाची पहिली गाठ पडते ती प्रमाणपत्राशी. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, किंवा नजरेचा घेर दहा अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल, तर अल्पदृष्टी. किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व ठरलं की सवलती, राखीव जागा यांचा दरवाजा उघडतो. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि नंतर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र.

हे कार्ड काढायला पुष्कळ घरं तयार होत नाहीत, हे बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. मुलगी असेल तर विशेष. ‘‘कागदावर आलं की लगन जमत नाही.’’ थोडंसं दिसणारी मुलगी मग तशीच चालवून घेतली जाते. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ती वर्गात गप्प बसते, मास्तरांना वाटतं अभ्यासात कच्ची आहे, आणि सातवी-आठवीत शाळा सुटते. पूर्ण अंध मुलाला निदान अंधशाळेत तरी घालतात. अल्पदृष्टीची मुलं ना इकडची ना तिकडची. मोठ्या टाइपातलं पुस्तक, भिंग, खिडकीजवळची पहिली जागा, एवढ्यावर ज्यांचं भागलं असतं अशी किती लेकरं आपण शेतावर पाठवून दिली असतील, याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं.

दुसरी गाठ शाळेशी. महाराष्ट्रात अंधशाळांची परंपरा जुनी आहे. मुंबईतल्या दादरची मुलींची अंधशाळा १९०० साली सुरू झाली, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ ची. आपल्या भागातल्या मुलांना अमरावतीचं डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय जवळचं. जवळचं म्हणजे कारंजामार्गे एसटीने, सहा-सात वर्षांच्या पोराला वसतिगृहात सोडून यायचं. आईचा जीव तुटतो. पण तिथे त्याच्या हातात पाटी आणि टोचा येतो.

ब्रेलची पाटी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद अडकवायचा. वरच्या पट्टीला चौकोनी खिडक्या असतात, प्रत्येक खिडकीत सहा टिंबांच्या जागा. टोच्याने कागदावर दाबून टिंब उमटवायचं. टिंब कागदाच्या उलट बाजूला उठून येतं, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि अक्षरही उलटं डोक्यात धरायचं. मग कागद पालटून डावीकडून उजवीकडे बोटाने वाचायचं. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली, मराठी त्यातच बसते. ‘शेतकरी’ हा शब्द लिहायला सहा घरं लागतात : श, मग एकारासाठी वेगळं घर, त, क, र आणि शेवटी ईकार. काना-मात्रा अक्षराच्या डोक्यावर-पायाशी नसतात, पुढच्या घरात असतात. सात वर्षांचं पोर हे हळूहळू शिकतं आणि मग वर्गात टोच्यांचा टकटक आवाज सुरू होतो. शिकवताना पाहिलं की कळतं, हे लेकरू प्रथमच स्वतःचं स्वतः वाचतं आहे. कुणाला विनवावं लागत नाही.

अडचण पुढे येते. ब्रेलमध्ये साधं क्रमिक पुस्तक छापलं तरी त्याचे जाडजूड अनेक खंड होतात. शालेय पुस्तकं मिळतात, पण कॉलेजची संदर्भ पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षेची दरवर्षी बदलणारी पुस्तकं ब्रेलमध्ये कोण छापणार? बारावीनंतर ब्रेल अपुरं पडू लागतं आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, वाचून दाखवणारं कोण?

*

या प्रश्नाचं उत्तर गेल्या वीस वर्षांत बदललं. आधी संगणक आणि मग मोबाइल बोलू लागला. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. ‘जॉज’ नावाची प्रणाली जुनी आणि चांगली, पण महाग. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतली. जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. त्यांनी ती फुकट ठेवली आणि जगभरच्या गरीब मुलांची सोय झाली. ती मराठीही वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आधीपासूनच असतं, फक्त ते सुरू करून द्यावं लागतं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एखाद्या दृष्टिहीन मुलाशेजारी थोडा वेळ बसून पाहा. फोन कानाशी असतो, पडदा बहुधा काळा केलेला, बॅटरी वाचावी म्हणून. बोट पडद्यावरून सरकतं आणि आतून आवाज इतक्या वेगाने धावत असतो की आपल्याला एक शब्दही उमगत नाही. त्याला मात्र पंचायत राजच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचं कलम न् कलम ऐकू येत असतं. मध्येच तो बोट उचलतो, मागे जातो, एक वाक्य पुन्हा ऐकतो. वाचणंच आहे हे. वाचण्याच्या ज्या ज्या क्रिया आपण करतो, चाळणं, थांबणं, परत फिरणं, त्या सगळ्या तो करतो आहे.

आणि मग एखादी पीडीएफ उघडते आणि फोन गप्प होतो.

हे का होतं ते प्रत्येक कचेरीतल्या प्रत्येक टंकलेखकाला माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो. कागद छापून, त्यावर सही-शिक्का मारून, तो पुन्हा स्कॅन करून टाकला, की यंत्राच्या दृष्टीने ते एक चित्र उरतं. चित्रात अक्षरं नसतात, म्हणून फोन काही बोलत नाही. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. कृतिदेव, श्री-लिपी यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आतमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. स्क्रीन रीडर ती चिन्हं इमानेइतबारे वाचून दाखवतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी निरर्थक बडबड पडते. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला असेल आणि त्याची थेट पीडीएफ केली असेल, तर दृष्टिहीन उमेदवार भरतीची जाहिरात डोळस उमेदवाराच्या बरोबरीने, त्याच मिनिटाला वाचू शकतो. यासाठी नवीन पैसा लागत नाही. चित्रातली मराठी अक्षरं ओळखणारी साधनं आता मोबाइलवर आली आहेत हे खरं, पण पिवळट झेरॉक्सचा स्कॅन, तिरका शिक्का आणि रकान्यांचे तक्ते यांपुढे ती हात टेकतात.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात, सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारती-सेवा वापरता याव्यात यासाठीचे, निकष नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत, असं सांगितलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यातले एक याचिकाकर्ते अमर जैन हे स्वतः दृष्टिहीन वकील. बँकेचं खातं किंवा सिम कार्ड घेताना मोबाइलसमोर चेहरा चौकटीत आणा, डोळे मिचकावा, असं सांगणारी केवायसीची, म्हणजे ओळख पटवण्याची, पद्धत अंध माणसाने पार कशी पाडायची, असा त्यांचा प्रश्न होता. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. हे निकाल दिल्लीत लागले. पंचायत समितीच्या कपाटाशेजारच्या स्कॅनरपर्यंत ते कधी पोचतात, ते पाहायचं.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र भारताने चांगलं काम केलं आहे, हेही लिहिलं पाहिजे. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला आणि दिव्यांगांसाठी कोणतंही पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला परवानगी मिळाली. दृष्टिहीनांना पुस्तकं वाचता यावीत यासाठीच्या २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत. २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. आता हवेत ते मराठी पुस्तकं त्या रूपात आणणारे हात.

*

परीक्षा पास होऊनही दार बंद राहू शकतं, हे महाराष्ट्राने प्रांजल पाटील यांच्या बाबतीत पाहिलं. उल्हासनगरच्या प्रांजल यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत, मग सेंट झेवियर्समध्ये, पुढे दिल्लीच्या जेएनयूत त्या शिकल्या. २०१६ च्या निकालात केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्या ७७३ व्या आल्या. रेल्वेची लेखा सेवा वाट्याला आली आणि दिसत नाही म्हणून ती नाकारली गेली. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि २०१७ मध्ये १२४ वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या. १४ ऑक्टोबर २०१९ ला त्यांनी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारीपदाचा कार्यभार घेतला. ज्या व्यक्तीला हिशेब तपासता येणार नाहीत असं ठरवलं गेलं होतं, ती एका राजधानीच्या शहरात महसूल आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळू लागली.

न्यायाधीशपदाचंही तसंच. ‘दिसत नाही तो पुरावा कसा पाहणार’ हा युक्तिवाद वर्षानुवर्षं चालला. ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशचा दृष्टिहीनांना वगळणारा नियम रद्द केला आणि दृष्टिहीनांना न्यायिक सेवेत येण्यापासून रोखता येणार नाही, असं स्पष्ट केलं. सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के जागा राखीव आहेत, त्यांत एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. बँकांमुळे तर कित्येक घरं उभी राहिली. अमरावतीच्या कांचनमाला पांडे रिझर्व्ह बँकेत नागपूरला नोकरी करतात आणि पोहतात. २०१७ साली मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या स्पर्धेच्या वेळी हातात पैसे नव्हते आणि त्यांना उसनवारी करावी लागली होती. नोकरीचा पगार महिन्याच्या महिन्याला येत असतो तेव्हाच माणूस पाण्यात उतरण्याचं धाडस करू शकतो, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटतं.

सगळ्यांनी सरकारी नोकरीच करावी असं मात्र मी म्हणणार नाही. वाशिमजवळच्या केकतउमरा गावच्या चेतन उचितकर या दृष्टिहीन तरुणाभोवती अंध कलाकारांचा ‘चेतन सेवांकुर’ हा वाद्यवृंद उभा राहिला. गाणं, वादन आणि त्यातून प्रबोधन. शेतकऱ्याने जीव देऊ नये हे सांगणारं गाणं, सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी, त्याच मातीतल्या मुलाने गायलेलं, ऐकणाऱ्याला लागतं. ‘पोराले पेटी शिकवा’ म्हणणाऱ्या गावाला या मुलांनी एक वेगळी गोष्ट दाखवली आहे. पेटी शिकून दुसऱ्याच्या भजनात कोपऱ्यात बसणं वेगळं, आणि स्वतःचा संच काढून, सुपारी घेऊन, तारखा लावून कार्यक्रम करणं वेगळं. दुसऱ्यात धंद्याची अक्कल लागते, माणसं सांभाळावी लागतात. संगीताला माझा विरोध कधीच नव्हता. पोराला विचारल्याशिवाय ते त्याच्या गळ्यात बांधण्याला आहे.

*

आतापर्यंत लहानपणीच दृष्टी गेलेल्यांचं बोललो. चाळिशी-पंचेचाळिशीत नजर जाणाऱ्यांची संख्याही कमी नाही आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. मधुमेहाने पडदा खराब होतो, काचबिंदू न दुखता-खुपता नजर खातो. काही घराण्यांत संध्याकाळी कमी दिसण्यापासून सुरुवात होते आणि नजरेचा घेर वर्षावर्षाने आवळत जातो. डोळ्याचे डॉक्टर त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. त्याचे काही प्रकार आनुवंशिक दोष आई आणि बाप दोघांकडून आल्यावर दिसतात. मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची आपल्याकडची चाल अशा घरांत जपून पाळावी, शक्यतो टाळावी, हे लग्न ठरवणाऱ्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

नोकरदार माणसाची नजर गेली की कचेरीत कुजबुज सुरू होते. ‘‘साहेब, आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका.’’ सहानुभूतीनेच म्हणतात. घाबरलेला माणूस अर्ज लिहून देतो आणि दोन लेकरांची शिक्षणं अर्ध्यावर असताना घरी बसतो. अशा प्रत्येकाने हे पाठ करावं : २०१६ च्या कायद्याचं कलम २०, पोटकलम ४. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने कामावरून काढायचं नाही, त्याची पदावनती करायची नाही. तो आहे ते काम करू शकत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तेही नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद निर्माण करायचं. १९९५ च्या कायद्यातही ही तरतूद होती. अर्ज लिहून देण्याआधी कायदा कुणीतरी वाचून दाखवला, तर एक घर वाचतं.

अशा माणसाला नव्याने सगळं शिकावं लागतं. पांढरी काठी घेऊन बाजारात जायची लाज वाटते, ओळखीचे लोक बघतील म्हणून. पन्नाशीत ब्रेल बोटांना लवकर कळत नाही, पण बोलका फोन त्यामानाने लवकर हाताशी येतो. नोटा ओळखायला शिकावं लागतं. शंभराच्या नोटेच्या दोन्ही कडांना चार-चार तिरक्या उठावाच्या रेघा असतात, पाचशेच्या नोटेला पाच-पाच. नोट कोरी असली तर बोटाला लागतात, बाजारात मळलेली असली तर नाही. मग लांबीवरून ओळखायची. शेतकरी असेल तर त्याच्याकडे नोकरी नाही, कलम नाही, स्वेच्छानिवृत्तीही नाही. त्याची शेती बटईने जाते. पण जमिनीची जाण, बियाण्याची जाण, भावाची जाण कुठे गेलेली नसते. हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव फोनवर ऐकून, मजुरांना कामं नेमून देऊन शेती चालवता येते, फक्त घरच्यांनी त्याच्या हातातला व्यवहार काढून घेता कामा नये.

*

शेवटी पुन्हा लेखनिकाकडे, म्हणजे परीक्षेत प्रश्न वाचून उत्तरं लिहिणाऱ्याकडे येतो, कारण वाशिमसारख्या जिल्ह्यात सगळ्यात लवकर सुटू शकणारी गाठ तीच आहे.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उमेदवाराला स्वतःचा लेखनिक आणता येत असे किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मागता येत असे. स्वतःचा आणला, तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावं लागे. तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, तीन तासांच्या पेपरला एक तास. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात मुलगा आठ-आठ दिवस लेखनिक शोधत हिंडतो. चुलतभाऊ हो म्हणतो आणि त्याच दिवशी फवारणी निघते. मिळालेला लेखनिक अडखळत वाचतो. ‘खालीलपैकी कोणती विधानं बरोबर आहेत’ असा प्रश्न आला, की डोळस उमेदवार चारही विधानांवरून पुन्हा नजर फिरवतो. दृष्टिहीन उमेदवाराला ती चारही, त्यांच्या पर्यायांसकट, डोक्यात धरावी लागतात. ‘‘पुन्हा वाच’’ म्हणावं लागतं आणि तिसऱ्यांदा म्हणताना संकोच होतो. लेखनिकाने ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर गुण उमेदवाराचे जातात.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, सहाही ठिकाणी महाविद्यालयं आहेत, बहुतेक संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाखाली, आणि त्यांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं आहेत. पदवीची पात्रता असलेल्या परीक्षेला बारावी झालेला लेखनिक चालतो, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलं नेमकी उपयोगी. प्रत्येक कॉलेजने अशा वीस-पंचवीस मुलामुलींची यादी करावी. त्यांना एक दिवस शिकवावं : प्रश्न एकाच लयीत वाचायचा, पर्याय दोनदा वाचायचे, उमेदवाराने उत्तर सांगितल्यावर चेहऱ्याने, आवाजाने, सुस्काऱ्याने स्वतःचं मत कळू द्यायचं नाही, आकडे एकेक अंक करून सांगायचे, नकाशा आणि तक्ता ओळीओळीने वाचायचा. उमेदवार आणि लेखनिक यांनी परीक्षेआधी किमान दोन सराव पेपर एकत्र सोडवावेत. वर्षभर याच मुलांनी आठवड्यातून दोन तास फोनवर पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित केली, तर मराठी संदर्भ पुस्तकांचाही प्रश्न हळूहळू हलेल. यादी तहसीलमध्ये, समाजकल्याण कार्यालयात आणि ग्रंथालयाच्या फलकावर लागावी. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री लेखनिकाला ताप भरला तर उमेदवाराने हात चोळत बसू नये, म्हणून यादीत दुसरं नाव तयार ठेवावं. ऐनवेळी लेखनिक बदलण्याची मुभा २०१८ च्या त्या सूचनांमध्ये दिलेली होती.